आजीबाईंनी जपलेली पत्रे

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर कादंबरी लिहावी असे काही वर्षांपूर्वी मी मनात घेतले होते. कादंबरीकाराला हवे ते सगळे त्या आयुष्यात आहे. गंगामूळच्या रानातला जन्म, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवतो म्हणून लोकांचा रोष पत्करणारा बाप, दुष्काळात पाठोपाठ गेलेले आईबाप आणि बहीण, भावाबरोबर हिंदुस्थानभर पायी केलेली वणवण, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेला 'सरस्वती' हा किताब, बंगाली गृहस्थाशी लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य आणि कडेवर तान्ही मुलगी. एवढ्यावरही कथा संपत नाही. पुढे विलायत आहे, अमेरिका आहे, शारदासदन आहे, केडगाव आहे. मी उत्साहाने टिपणांच्या वह्या शिवल्या आणि शाळा सुटल्यावर रोज तासभर वाचायला बसू लागलो.

वाचता वाचता हाती आला तो रमाबाईंचा पत्रव्यवहार. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो इंग्रजीत प्रसिद्ध केला, संपादक अ. भि. शहा. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा कोश शेजारी घेऊनच बसावे लागले. विलायतेतल्या वर्षांची पत्रे पाहावीत तो पानेच्या पाने त्रैक्याची चर्चा! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन की एक? ख्रिस्त देव की देवाने पाठवलेला? मंडळीची आज्ञा मोठी की आपली सदसद्विवेकबुद्धी? मी कपाळाला हात लावला. यात कादंबरीला उपयोगी असे काय आहे? मी ती पाने सरळ गाळली आणि आगबोट अमेरिकेकडे केव्हा निघते तेवढे शोधू लागलो.

कादंबरी मात्र विलायतेतच अडकली. बाई अमेरिकेस का गेल्या, परत आल्यावर अशा का वागल्या, याची संगती लागेना.

मग एके दिवशी वर्गात रमाबाईंची गोष्ट सांगत होतो. आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आपली माणसे सोडून त्यांनी धर्म बदलला ना? मग तिकडे जाऊन तिकडच्यांशीच पुन्हा भांडल्या कशाला?" मी काहीतरी उत्तर दिले. घंटा झाली म्हणून सुटलो. त्या रात्री गाळलेली पाने पुन्हा उघडली.

रमाबाई आणि ख्रिस्ती लोक यांची पहिली गाठ पडली ती कलकत्त्यात. बहीणभावंडांना कुणी एका प्रार्थनासभेला नेले. तिथे ब्राह्मणाच्या हातचा नसलेला चहा-पाव पाहून कलियुग पुरते आले अशी दोघांची खात्री झाली. नंतर मंडळी गुडघे टेकून, खुर्च्यांकडे तोंड करून, डोळे मिटून बोलू लागली. भावंडांना वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! रमाबाईंनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या दिवशी त्यांना संस्कृत बायबलाची प्रतही मिळाली. पुढे आसामात सिलचरला, नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती आवडली. मात्र बायकोने ख्रिस्ती व्हावे हे नवऱ्याला पसंत नव्हते. १८८२ च्या फेब्रुवारीत ते पटकीने वारले.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' छापली गेली. पुण्यात पंचहौदाच्या मिशनात इंग्लंडातल्या वाँटेज गावच्या सेंट मेरी मठाच्या भगिनी काम करीत होत्या. फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचीही ओळख झाली. हे गोऱ्हे म्हणजे काशीचे चित्पावन शास्त्री. तरुणपणी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. तर्काचा एकेक टाका घालत जाणारा असा माणूस. रमाबाईंच्या बुद्धीची समजूत घातली ती त्यांच्या लिखाणाने.

पण बुद्धीची समजूत निराळी आणि मनाने घेणे निराळे. १८८३ साली रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावी असा विचार होता; कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलमचे आपले घर दाखवले. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा होता. त्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनींकडे पाहून रमाबाई चकित झाल्या. असे आपल्या देशात त्यांनी कुठे पाहिले नव्हते. हे कशाच्या बळावर करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा भगिनींनी विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या येशूची कथा वाचून दाखवली. त्या कथेने काम केले. त्याच सुमारास एक दारुण गोष्टही घडली. सोबतीला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला आत्मघात केला. त्या धक्क्यातून बाहेर येतात न येतात तोच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या दयेच्या दाराने. आत गेल्यावर लक्षात आले की या घरात भिंतीही आहेत. त्या भिंतींचे नाव मतसिद्धांत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती मला आधी समजली नव्हती. आपल्याकडे आचार आवळलेला आणि विचार मोकळा. एकाच घरात बाप अद्वैती, काका वारकरी आणि मुलगा नास्तिक असला तरी कुणी त्यांना पंक्तीतून उठवत नाही. पण पाणी कुणाच्या हातचे प्याले याची चौकशी होते. १८९० साली पंचहौदाच्याच मिशनात चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर पुण्यात ग्रामण्य आले. तिथे कुणी त्यांना परमेश्वराविषयी तुमचे मत काय, असे विचारले नाही. चहाच्या पेल्यावर सगळा खटला चालला. ख्रिस्ती मंडळीत नेमके उलट. तुम्ही काय खाता-पिता याला फारसे महत्त्व नाही. काय मानता ते मात्र उभे राहून, शब्दशः, सर्वांच्या देखत म्हणायचे. त्याला मतांगीकार म्हणतात. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस मंडळीच्या बाहेर पडू शकतो.

हे असे का झाले, ते पाहायला फार मागे, ३२५ साली नायसियाला जावे लागते. आज तुर्कस्तानात इझनिक नावाचे गाव आहे, ते हे. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाळक म्हणू लागला की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्यापेक्षा उणा. माणूस हुशार; आपले मत त्याने गाण्यांत घातले आणि ते लोकांच्या तोंडी झाले. साम्राज्यात फूट पडते की काय असे वाटून बादशहा कॉन्स्टंटाइनने बिशपांची सभा बोलावली. परंपरा सांगते, तीनशे अठरा जण आले. गंमत म्हणजे सभा बोलावणाऱ्या बादशहाचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायचा होता! तो झाला बारा वर्षांनी, मृत्युशय्येवर. सभेने ठरवले की पुत्र हा पित्याशी 'होमोऊसिऑस' म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे. पण भांडण मिटले नाही. पुढच्या पिढीत मधला एक पक्ष निघाला, तो म्हणे 'होमोइऊसिऑस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा. दोन शब्दांत फरक एका अक्षराचा, ग्रीक आयोटाचा. त्याच्या मागेपुढे बिशप पदच्युत झाले, दंगे झाले. अथनेशियस या अलेक्झांड्रियाच्या बिशपाला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. निस्साचा ग्रेगरी लिहितो की कॉन्स्टँटिनोपलात सराफाकडे मोड मागायला जावे तर तो पुत्राच्या जन्माविषयी व्याख्यान देतो, आणि भटारखान्यात पावाचा भाव विचारावा तर पिता मोठा की पुत्र, हे ऐकून परत यावे लागते.

वाचकांनी हसू नये. उपनिषदातल्या एका महावाक्यात पदच्छेद करताना आधी 'अ' धरायचा की नाही, यावर शांकर आणि माध्व यांची जन्माची फारकत झाली आहे. 'अ' धरला की जीव आणि ब्रह्म वेगळे, नाही धरला की एक. शास्त्र्याच्या घरात जन्मलेल्या रमाबाईंना एका अक्षराचे मोल कुणी शिकवायला नको होते. अथनेशियसचे म्हणणे असे होते की पुत्र जर निर्माण केलेला, तर तो आपल्यासारखाच एक झाला. बुडणाऱ्याला बुडणारा काय वाचवणार? तारण करणारा देवच हवा. त्या दृष्टीने पाहिले तर तो आयोटा म्हणजे दोरी आहे की नाही याचा प्रश्न होता. सिद्धांत हा माणसांना छळण्यासाठी कुणी बसून रचलेला नसतो. आपल्याला मिळालेले हातचे जाऊ नये म्हणून घातलेले ते कुंपण असते. पण कुंपण एकदा झाले की ते कधी पिकाचे राखण करते आणि कधी नुसतेच वाट अडवते.

अथनेशियसच्या नावाने एक मतांगीकार प्रसिद्ध आहे. तो त्याने लिहिलेला नाही. दीडएकशे वर्षांनंतर किंवा त्याहून पुढे पश्चिमेकडे लॅटिनमध्ये तयार झाला. त्यात त्रैक्याची व्याख्या अगदी घोटून केली आहे आणि जो हे मानणार नाही त्याचे तारण नाही असे बजावले आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात तो वर्षातून तेरा दिवस म्हणण्याची आज्ञा होती. खुद्द इंग्रजांनाही ते जड जाऊ लागले होते. रमाबाई येण्यापूर्वी दहाच वर्षे त्यावरून मोठे वादळ झाले. तो काढावा असे एक पक्ष म्हणे; काढाल तर आम्ही आपली पदे सोडू, असे प्यूसी आणि लिडन यांनी बजावले. शेवटी १८७३ साली एक खुलासा काढून प्रकरण थंड करण्यात आले. मतांगीकार जागच्या जागी राहिला. वाँटेजचा मठ प्यूसीच्या बाजूचा. १८३३ साली ऑक्सफर्डात मंडळीची जुनी परंपरा आणि बिशपांचा अधिकार पुन्हा उभा करण्याची जी चळवळ निघाली, तिच्याच वाऱ्यावर हा मठ वाढलेला. तेव्हा तिथल्या भगिनींना सिद्धांत म्हणजे चर्चेचा विषय वाटत नव्हता. तो त्यांच्या घराचा पाया होता.

त्या मठात सिस्टर जेराल्डिन होत्या. रमाबाईंची धर्मजीवनातली जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली होती. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. परक्या मुलखात, पोरकेपणात, एका विधवेने काढलेला तो शब्द. भांडणाच्या पत्रांतही तो सुटला नाही, हे मी पाने गाळली तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. शिकायचे आणि संस्कृत शिकवायचेही. मनोरमा बहुतेक वाँटेजलाच राहिली. पत्रे सुरू झाली आणि वाद सुरू झाला, तो आधी अगदी लहान गोष्टींवरून. एक क्रूस होता. त्यावरची अक्षरे लॅटिन. रमाबाईंनी विचारले, लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायांना तर नाहीच नाही. मग अक्षरे संस्कृत का नकोत? लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या जुन्या भाषेत नाही? मग जेवणाचा प्रश्न. अंडे घातलेले पुडिंग रमाबाई खात नसत. आजीबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसे. रमाबाईंनी उलट लिहिले की माझा गर्व तुम्हाला पुडिंगात शोधायचा असेल तर खुशाल शोधा, मी आपली सवय सोडणार नाही. मला ही बाई इथे फार जवळची वाटली. देव बदलला तरी भाजीभात बदलायचे कारण नाही, हे त्या काळात, त्या एकटेपणात, कुणाला सुचले असते?

मग बिशप मधे आले. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. मुंबईचे आणि लाहोरचे बिशप म्हणाले, छे, हे हिंदुस्थानात कळले तर तिचे वजन जाईल. कलकत्त्यात पंडितांच्या भरसभेत संस्कृत बोललेल्या, हंटर कमिशनपुढे साक्ष दिलेल्या बाईला हा निरोप! रमाबाईंनी कळवले की पुरुषांसमोर बोलण्याला माझ्या वडिलांनी, भावाने, नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही. आता ज्यांनी मला पाहिलेले नाही त्यांनी ती का घ्यावी?

इथून मूळ प्रश्न वर आला. १८८५ च्या पत्रांत तो उघडा पडतो. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरपण, कुमारीच्या पोटी जन्म. एकेका सिद्धांताविषयी रमाबाई शंका मांडतात. देव एक आहे ही त्यांची खूणगाठ पक्की. तीन म्हणून पुन्हा एक म्हणायचे हे त्यांना पटेना. शंका घेण्याची पद्धतही बापाकडून आलेली: पूर्वपक्ष मांडायचा, शास्त्रवचन कुठे आहे ते विचारायचे, वचन आणि त्यावरचे भाष्य वेगळे ठेवायचे. बायबलात काय आहे ते दाखवा, मंडळी काय म्हणते ते सांगू नका, असा त्यांचा धोशा. आजीबाई म्हणतात, विश्वासाचा आरंभ नम्रतेत आहे; आधी मंडळीचे ऐक, मग कळेल. त्यावर रमाबाईंचे उत्तर साऱ्या पत्रव्यवहाराचा कणा आहे. आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे; आता तुमच्या पाळकांचा आणि बिशपांचा शब्द हाच देवाचा शब्द मानून ते जू पुन्हा चढवून घ्यायचे काय? मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे; पण बिशपाच्या तोंडून पडेल ते सगळे मानायला बांधलेली नाही.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. बाई भांडल्या ते ज्या कारणासाठी घर सोडले त्याच कारणासाठी.

कॉलेजच्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांनी वेगळी रीत धरली. त्यांनी रमाबाईंना गप्प केले नाही. त्या उत्तरे देत राहिल्या, आणि आजीबाईंना कळवत राहिल्या की हिला हुकूम सोसणार नाही, हिला विचार करू द्या. शिक्षकाच्या नात्याने मला बीलबाईंपुढे हात जोडावेसे वाटतात. शंका घेणारा विद्यार्थी आपल्याला तापदायक वाटतो आणि मान हलवणारा हुशार वाटतो. उलट असते हे समजायला मला पंधरा वर्षे लागली.

पण आजीबाईंना नुसते खलनायिका करणे मला जमले नाही, आणि कादंबरी तिथेच पुन्हा अडली. त्यांच्या बाजूने पाहा. सिद्धांतात खोट म्हणजे तारणात खोट, असे त्या प्रामाणिकपणे मानत होत्या. ज्या बाईवर जीव लावला ती डोळ्यांदेखत कड्याकडे चालली आहे असे त्यांना दिसत होते. आणि मधे मनोरमा होती. चार वर्षांचे पोर. त्याला प्रार्थनेत काय म्हणायला शिकवायचे? आई म्हणे, जे मला पटलेले नाही ते माझ्या मुलीला खरे म्हणून शिकवू नका. आजीबाई म्हणत, तुझ्या शंकांपायी लेकराला उपाशी ठेवू काय? दोघींचेही त्या मुलीवर प्रेम. मनोरमेच्या उशाशी बसून रात्रीची प्रार्थना कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगायची, इथे येऊन नायसियाची सभा ठेपली होती.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस निघाल्या. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. तो ११ मार्चला फिलाडेल्फियात झाला. तिकडे त्यांना आणखी एक चमत्कार दिसला. एकाच ख्रिस्ताच्या नावाने इतके पंथ की मोजता मोजता थकावे, आणि प्रत्येकाचे सिद्धांत निराळे. रमाबाई गोंधळल्या, पण त्या गर्दीतच त्यांना मोकळा वाराही मिळाला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य मुळीच न मानणाऱ्या पंथाचे. आणि त्यांच्या शेजारी त्रैक्य मानणाऱ्या इतर पंथांचे नामांकित पाळक. वाँटेजला जे एका टेबलाभोवती बसले नसते ते इथे बालविधवांसाठी एकत्र बसले. अट एवढीच ठेवली की शाळेत धर्म शिकवायचा नाही. वेद वाचावेत, बायबल वाचावे, ज्या त्या मुलीची इच्छा.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी पुण्यास आले. इथे आयुष्य कसे फिरून येते पाहा. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन मराठीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. गावात बोंब झाली. 'केसरी'ने कोरडे ओढले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कुणाला बोलावत नाही. पण माझ्या घराचे दार मी का लावून घेऊ? पालकांचे म्हणणे, आमच्या लेकरांच्या कानांवर काय पडावे हे आम्ही ठरवू. वाँटेजचा वादच पुन्हा उभा राहिला होता, फक्त रमाबाई यावेळी आजीबाईंच्या जागी होत्या. ही गोष्ट त्यांच्या मनात आली असेल का? पत्रांत मला तसे कुठे दिसले नाही. कादंबरीत मी ती घालणार होतो. आता घालवत नाही. दुसऱ्याच्या मनात आपला विचार किती घुसडायचा यालाही मर्यादा आहे.

तोवर त्या स्वतःही बदलल्या होत्या. १९०७ च्या आपल्या निवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तेव्हापासून ज्या ख्रिस्ताच्या ईश्वरपणावरून चेल्टनहॅमला रान उठवले, ते त्यांनी मनापासून मानले. बिशपांनी सांगितले म्हणून मानले नाही. आपल्या वाटेने, आपल्या वेळी मानले. कुठल्याही एका पंथाची पाटी त्यांनी केडगावच्या मुक्ति सदनावर लावली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर तिथे माणसे वाढत वाढत दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या बायकामुलींना दोन वेळचे जेवण, विहिरी, शेती, माग, छापखाना. सिद्धांताची चर्चा करायला तिथे वेळ होता असे वाटत नाही.

पण सिद्धांत सुटला नव्हता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर करीत बसल्या. प्रचारात असलेल्या मराठी बायबलावर त्यांचा आक्षेप होता. त्यात संस्कृत शब्द फार, आणि त्या शब्दांना वेदान्ताचा वास. खेड्यातल्या बाईला कळायचे नाहीत आणि कळले तर भलताच अर्थ कळेल. म्हणून त्यांनी साधे, घरगुती मराठी शब्द वेचले आणि जिथे संस्कृताच्या पोटात जुने तत्त्वज्ञान दडले आहे असे वाटले तिथे ते बाजूला ठेवले. क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणारी बाई ती हीच! मला आधी यात विसंगती वाटली. मग वाटले, तेव्हाचा हट्ट आपल्या देशातल्या बाईला कळले पाहिजे म्हणून होता, आणि आताचाही त्याचसाठी. शब्दाशब्दाला अडून बसणे मात्र शास्त्र्याच्या मुलीचे आणि नायसियाच्या बिशपांचे सारखेच.

खिळे जुळवायला केडगावच्या मुली होत्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली, जिच्या प्रार्थनेसाठी दोन बायका भांडल्या होत्या ती. रमाबाई कामावरून उठल्या नाहीत. मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव लागते. एका रविवारी मी तिथे उतरून आलो. बरोबर वही नेली होती, पण काही लिहिले नाही.

वाँटेजला आजीबाईंनी सगळी पत्रे जपून ठेवली होती. स्वतःची, रमाबाईंची, बीलबाईंची, बिशपांची. म्हातारपणी त्यांनी ती निवडून, मधे मधे आपली टिपणे घालून, एकत्र लावली. त्या टिपणांत रमाबाईंना अजूनही रागे भरलेले आहे. गर्विष्ठ होती, ऐकत नसे, असे लिहिले आहे. पण ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांना निरुत्तर केले, त्यांतले एकही त्यांनी फाडले नाही. आपल्याला आज जी चेल्टनहॅमची रमाबाई ठाऊक आहे ती बरीचशी त्या गठ्ठ्यातून आलेली आहे.

माझ्या वह्या कपाटात आहेत. त्या मुलीने शाळा सोडल्याला बरीच वर्षे झाली. भेटली तर तिला सांगायचे आहे की त्या दिवशी मी दिलेले उत्तर चुकीचे होते.